पंख्यांकडं जाणारे रस्ते

या माळावर दोन जातींचे रस्ते आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, असं मी आजही म्हणतो. पोत्याच्या तोंडाशी निवडक हळकुंडं आणि तळाशी कुजका माल, हा प्रकार मी आयुष्यभर पाहिला. ज्यानं ज्यानं तो माझ्याशी केला, त्याला मी मार्केट यार्डात चारचौघांसमोर उभा केला. इथं मला अख्ख्या माळानंच तसा माल दाखवला. तोंडाशी रुंद, गुळगुळीत मुरमाचे रस्ते. तळाशी काय होतं ते नंतर कळलं.

सांगलीत माझा हळदीचा व्यापार होता. त्याआधी हमाली. पोती वाहताना कान उघडे ठेवले, कुणाचा माल कुठून येतो, कोण किती पाण्यात आहे ते ऐकत गेलो आणि एक दिवस पाठीवरचं पोतं उतरवून गादीवर बसलो. कुणी बसवलं नाही, मी बसलो. लग्नानंतरची पहिली वर्षं बायको माझ्याबरोबर गोदामात हळद निवडायला असायची. पॉलिशच्या पिंपातून उडणारी पिवळी धूळ तिच्या केसांत, पदरात, जेवणाच्या डब्यात जायची. त्या धुळीवर आमचं घर उभं राहिलं आणि त्याच धुळीतून तिचा दमा आला. गादी वाढली तसा दमाही वाढला. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता गाव सोडा, कोरड्या हवेत राहा.

तिचं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, जावळीच्या डोंगरात. तिला तिकडं जायचं होतं. तिकडच्या वाटा तिला पाठ. हा डोंगर डाव्या हाताला ठेवला की गाव, तो ओढा ओलांडला की मामाचं घर. पण तिकडं पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, अंथरुणं ओली लागतात. डॉक्टरांनी नाही म्हटलं. मग मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, ढालगावच्या पलीकडच्या माळावर थोडी जमीन घेतली आणि घर बांधलं. हवा कोरडी खणखणीत. झाड औषधाला. आणि जिकडं नजर टाकावी तिकडं पवनचक्क्या. तिथले लोक त्यांना पंखे म्हणतात.

जमीन घेताना भाव मी पाडला. तो माझा धंदा आहे, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पण विकणारा होता शेजारच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्याचा पुतण्या, आणि तो व्यवहार म्हाताऱ्याच्या मनात खुपत राहिला. म्हातारा मेंढक्या घरातला. आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, आता अंगात ताकद नाही म्हणून बांधावर बसून शेळ्या राखायचा. सगळे त्याला आबा म्हणत. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्याच्या शेळीनं माझी डाळिंबाची रोपं खाल्ली. मी शेळी बांधून ठेवली आणि म्हाताऱ्याला निरोप धाडला की नुकसानीचं बोलायला या. तो आला, उन्हात उभा राहिला. मी रोपागणिक भांडलो. आमची बोलणी चालू असताना बायकोनं मागच्या दारानं शेळी सोडली, तिला भाकरी घातली आणि म्हाताऱ्याला चहा दिला. चहा पिऊन तो शेळीमागं चालू लागला. जाताना तिला म्हणाला, "बाई, तुमचं मालक दावं लय घट्ट बांदत्यात." तेव्हापासून आमचं बोलणं रामरामापुरतं.

आता तिथल्या एका रिवाजाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं. माळावर माणूस घराबाहेर पडला की वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्याला हटकतो. निघालेल्याला 'कुठं' विचारू नये, अपशकुन होतो, म्हणून विचारतात, "कुणीकडं?" आणि ज्याला विचारलं त्यानं खरं सांगायचं असतं. सांगितलं की समोरचा त्या दिशेची जेवढी खबर त्याच्याकडं असेल तेवढी देतो. अमक्या ओढ्याला पाणी आलंय, तमक्या फाट्यावर ट्रॉली कलंडलीय, शाळेमागनं जावा. माळावर पाट्या नाहीत. असल्या तर त्या पवनचक्कीच्या कंपन्यांच्या, माणसांसाठी नाहीत. तिथला रस्ता असा माणसामाणसांत वाटलेला असतो. घ्यायचा तर आपण कुठं चाललोय ते आधी द्यावं लागतं.

मला हा भोचकपणा वाटला. आमच्या धंद्यात कोणत्या गावाला माल बघायला चाललोय हे घरातसुद्धा सांगत नसतात. एकदा तरुणपणी मी यार्डातल्या चहाच्या गाड्यावर बोलून गेलो होतो की उद्या कोरेगावकडं जाणार. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा माझ्या आधी दुसरा तिथं बसून सौदा करून उठला होता. तेव्हापासून कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. हितंच. जरा हितंच.

बायकोचं उलट. ती संध्याकाळी वस्तीवरच्या बायकांबरोबर डेअरीला दूध घालायला जायची. आमची गाय एकच, दूध चहापुरतं उरायचं, पण तिला जायचं असायचं. धाप लागली की कुणाच्या तरी ओट्यावर बसायची, तिथं तिला चार गोष्टी कळायच्या, पुढं जायची. घरी येऊन मला सांगायला लागायची की कोणाच्या वस्तीवरनं कुठं निघतं. मी फोनवर भाव बघत असायचो. हूं म्हणायचो.

मी माझ्यापुरता रस्ता शिकलो होतो. घरापासून सरळ कॅनॉल, कॅनॉलवरचा पूल, पुढं डांबरी, आणि डांबरीनं घाट उतरून मिरजेचा हमरस्ता. मिरज मावळतीला असली तरी घाट उगवतीला आहे, म्हणून आधी उलटं जावं लागतं. लक्षात ठेवायला मी एक खूण धरली होती. पंख्यांची तोंडं जिकडं, तिकडं डांबरी. आलो तेव्हा थंडी होती आणि सगळे पंखे उगवतीकडं तोंड करून फिरत होते. एवढी उंच खूण, ती काय हलणार, असं मी धरून चाललो.

आषाढात पश्चिमेला पाऊस कोसळत असतो आणि आमच्या माळावर नुसता वारा. आभाळ झाकलेलं, थेंब नाही. धूळ दाराच्या फटीतून आत येऊन भांड्यांवर बसते. अशाच एका दुपारी तिला ॲटॅक आला. आधीचे ॲटॅक मी पाहिले होते. पंप ओढला, वाफ घेतली की उतरायचे. हा उतरेना. वाफेचं मशीन चालू केलं आणि लाईट गेली. तिचे खांदे वर वर उचलले जात होते, ओठांचा रंग बदलत होता. बोलायला जायची तर शब्दाऐवजी शिट्टीसारखा आवाज निघायचा. मी तिला उचलून गाडीत मागच्या सीटवर बसवली, धूळ नको म्हणून काचा वर केल्या आणि निघालो.

बांधावर म्हातारा बसला होता. वळणावर गाडी हळू झाली तेव्हा त्यानं हात वर केला.

"कुणीकडं, शेठ?"

"हितंच," मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. त्यानं मान हलवली आणि हात खाली घेतला.

कॅनॉलपाशी रस्ता नव्हता. पुलाच्या अलीकडं आडवा चर खणलेला, माणूस उभा मावेल एवढा खोल, पलीकडं सिमेंटचे पाइप पडलेले. जेसीबी तिथंच उभा, त्यात कुणी नाही. हाका मारल्या. वाऱ्यात माझा मलाच आवाज येईना. फोन काढला. रेंज एक रेघ होती, नकाशा उघडला. डाव्या हाताला जाणारा एक रस्ता नकाशात लांबून वळसा घेऊन डांबरीच्या दिशेला गेलेला दिसला. समोर पाहिलं तर खरोखरच रस्ता होता. दोन ट्रक शेजारून जातील एवढा रुंद, दाबलेला मुरूम, कडेला गटारसुद्धा. शेजारूनच एक गाडीवाट फुटली होती, खड्ड्याखड्ड्यांची, मधे गवत वाढलेली. कोणता रस्ता मोठ्या गावाला जात असेल, हे काय शेंबड्या पोराला कळत नाही? मी रुंद रस्ता धरला.

मागून काचेवर थाप पडली. आरशात पाहिलं. ती काचेवर तळहात आपटत होती. मला वाटलं जीव घाबरा झालाय तिचा. म्हटलं, थांब, थांब, पोचलोच. आणि गाडी आणखी जोरात घेतली.

रस्ता दोन पंख्यांमधून गेला आणि फुटला. दोन्ही फाटे सारखेच रुंद. एक धरला. तो पुढं पुन्हा फुटला. नकाशातलं टिंब एका जागी गोठलं, रेंज गेली. प्रत्येक पंखा दुसऱ्यासारखा, प्रत्येक वळण मागच्यासारखं. सूर्य नाही, डोंगर नाही, झाड नाही. मग मला माझी खूण आठवली. वर पाहिलं. सगळ्या पंख्यांची तोंडं एकीकडं. मी मनातल्या मनात म्हटलं, सापडलं, आणि त्या दिशेचा फाटा धरला.

मागं थापा वाढल्या. आता ती दोन्ही हातांनी काच बडवत होती. बांगडी फुटल्याचा आवाज आला. मी ओरडलो तिच्यावर. म्हणालो, गप बस, जरा दम धर. दम्याच्या बाईला मी दम धर म्हणालो.

तो रस्ता एका पंख्याच्या बुडाशी संपला. संपला म्हणजे संपलाच. गोल सिमेंटचा ओटा, लोखंडी दार, दाराला कुलूप, जाळीमागं डीपी. वर एवढं मोठं पातं फिरतंय आणि खाली वाट विचारायला एक माणूस नाही. गाडी फिरवली. दुसरा फाटा धरला. तोही तसाच एका बुडाशी गेला. तिसऱ्यावर जायची हिंमत होईना. रस्ते एवढे रुंद कशाला ते तेव्हा कुठं ध्यानात आलं. पंख्यांची पाती घेऊन येणाऱ्या लांबलचक गाड्यांसाठी ते केले होते. माणसानं त्यावरून कुठं पोचावं हा त्यात हिशोबच नव्हता.

मी खाली उतरलो. वस्तीवरचे लोक बोलताना ऐकलं होतं की डांबरी खालच्या अंगाला. मला तर सगळा माळ तव्यासारखा सपाट दिसत होता. खालचं अंग कोणतं ते कसं कळावं? गाडीत पाण्याची एक बाटली होती. ती मी रस्त्यावर ओतली. पाणी जिकडं वाहील तो उतार, एवढी अक्कल मला होती. पाणी वाहिलंच नाही. मुरमानं जागच्या जागी पिऊन टाकलं, ओला डाग तेवढा राहिला. आणि मग लक्षात आलं की तिच्या घशाला लावायला आता गाडीत घोटभर पाणी नाही.

त्या वेळी मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर तरी हात उचलावा एवढा राग. डीपीच्या जाळीला मी लाथा घातल्या.

पलीकडून मेंढरांचा कळप येताना दिसला. पुढं एक बाई, डोक्यावर बोचकं, हातात काठी. मी धावत गेलो. विचारलं, डांबरीला कसं जायचं. ती मला वरून खाली बघत राहिली आणि म्हणाली, "कुणाच्यातलं तुमी?" मला वाटलं तिथंच तिचा गळा धरावा. मी म्हणालो, बाई, मरायला टेकलीय माझी बायको, रस्ता सांग. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "आमी बी हितलं न्हाई. काल कराडकडनं आलोय."

एवढ्या माळावर एक माणूस भेटावा आणि तोही परका असावा. ती बाई मात्र माझ्याकडं बघत नव्हती, गाडीकडं बघत होती.

"आवं," ती म्हणाली, "त्या बाई कवापासनं हात करून दावत्यात. तिकडं बगा की."

मी वळून पाहिलं. बायको काचेवर थापा मारत नव्हती. आता तेवढं बळ नव्हतं. तिनं हात खिडकीला टेकवला होता आणि एक बोट मागं दाखवत होतं, आम्ही आलो होतो त्या दिशेला. मी तिच्याकडं बघितलेलं दिसताच ते बोट दोनदा हललं.

त्या बाईनं बोचकं खाली ठेवलं, तिच्याकडच्या तांब्यातलं पाणी बायकोच्या तोंडाला लावलं आणि मला हात देऊन तिला पुढच्या सीटवर आणून बसवली. पुढं मी काही ठरवलं नाही. बायको बोट दाखवायची तिकडं मी चाक वळवायचो. कॅनॉलजवळच्या त्याच फाट्यावर परत आलो आणि तिनं ती गवत वाढलेली गाडीवाट दाखवली. वाटेच्या कडेनं विजेचे बारके खांब होते, घरांना लाईट देणारे. एका कोपऱ्यावर दगड रचून कट्टा केलेला, त्यावर दुधाच्या कॅनचे गोल डाग. तिथं बोट उजवीकडं गेलं. मग शाळेची भिंत, शाळेमागून ओढ्याचं कोरडं पात्र, पात्रातून वर चढलो आणि समोर डांबरी.

कवठेमहांकाळला ऑक्सिजन लावला, मिरजेला दाखल केलं. डॉक्टर माझ्यावर चिडले की इतका उशीर का. मी त्यांच्यावर चिडलो की तुम्हीच तिकडं पाठवलंत. ती वाचली. तोंडावरचा मास्क काढल्यावर पहिल्यांदा बोलली ते मला अजून तसंच ऐकू येतं. ना रागानं बोलली, ना प्रेमानं. कोरड्या आवाजात.

"कॅनॉलपाशी खणलंय हे मला ठाऊक होतं. आख्ख्या वस्तीला ठाऊक होतं."

"मग घरातनं निघतानाच का नाही सांगितलंस?"

"सांगत होते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुचवलं की आता मिरजेतच, दवाखान्याजवळ खोली घ्या. मला ते पटलं. तिनं नाही म्हटलं. मी तिला पटवायचा प्रयत्न केला, आणि पटवण्यात मी कच्चा नाही. आधी गोडीनं, मग तोडून, मग रुसून. ती म्हणाली, तिथल्या ओट्यांवर मला बसायला मिळतं, इथं कुणाच्या ओट्यावर बसू? तुम्हाला रस्ता येत नाही एवढीच अडचण असेल तर रस्ता शिका. आयुष्यात एवढी एक बोलणी मी हरलो, आणि हरलो म्हणून तिला परत घेऊन गेलो. तेव्हा मी जिंकलो असतो तर काय झालं असतं, हा विचार मी दिवसातून एकदा तरी करतो.

परत आल्यावर मी तडक म्हाताऱ्याकडं गेलो. तो गोठ्यात शेळीचा खूर बघत होता. मी त्याला विचारलं, तुम्हाला चर खणलेला माहीत होता की नव्हता? तो व्हय म्हणाला. मग मला का नाही सांगितलं? गाडी अडवायची होती. जुना राग असेल तर माझ्यावर काढायचा, तिच्यावर कशाला?

त्यानं खूर सोडला.

"मी इचारलं हुतं, शेठ. तुमी म्हनला हितंच. हितंच जानाऱ्याला कॅनॉलचं काय सांगायचं?"

"मागं ती होती गाडीत."

"काचा वर हुत्या," म्हातारा म्हणाला. "आत बाई हाय हे दिसलं असतं तर मी गाडीम्होरं आडवा पडलो असतो. तिनं माझी शेळी सोडलीया."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही आणि अजून पुरतं पटत नाही. भर दुपारी, धुळीच्या वाऱ्यात, एवढ्या घाईनं कोण हितंच जातं? माणसाला काही अंदाज असतो की नाही? मी त्याला तसं सुनावून आलो. तो ऐकून घेत राहिला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पण रस्ता शिकायचा होता. म्हाताऱ्याकडून शिकणं जमण्यातलं नव्हतं. मी दुधाच्या पिकअपवाल्याशी बोलणी केली. तो रोज सकाळी सगळ्या वस्त्यांवरून कॅन उचलत डांबरीला जायचा. मी म्हटलं, मला शेजारी बसव, तुझे कॅन मी चढवतो. तो माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघून हसला. पहिला कॅन मी खांद्यावर घेतला तेव्हा हसायचा थांबला. जुनं अंग होतं, विसरलं नव्हतं. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत मी त्याच्याबरोबर हिंडलो. बारक्या खांबांची वाट माणसांकडं जाते, मोठ्या मनोऱ्यांची तारेकडं, हे तेव्हा कळलं. पंखे आषाढात मावळतीकडं तोंड करतात आणि थंडीत पाठ फिरवतात, हे तो सांगताना पोट धरून हसला. म्हणाला, "शेठ, पंख्याच्या तोंडावर कोन जातंय व्हय? त्ये वाऱ्याचं मिंधं." उतारसुद्धा हळूहळू दिसायला लागला. ज्वारी कुठं उंच आलीय, काळी माती कुठं साठलीय त्यावरून. डोळ्यांना नाही, पण काहीतरी कळायचं.

प्रत्येक कट्ट्यावर बाया विचारायच्या, हे नवं माणूस कोण? पिकअपवाला सांगायचा, दम्याच्या बाईंचं मालक. मग त्यांचे चेहरे सैल व्हायचे. मी तिथं जमीन घेतली, घर बांधलं, बोअर मारली, पण त्या माळावर मला नाव मिळालं ते तिच्या आजाराचं. प्रत्येक ओट्यावर तिच्यासाठी काहीतरी निघायचं. अडुळशाचा पाला, मूठभर हुलगे, निरोप. आणि मला "कुणीकडं" विचारलं की मी सांगायचो. जड जायचं. प्रत्येक वेळी आपला सौदा कुणीतरी आधी जाऊन करणार असं वाटायचं. पण सांगायचो.

घरी येऊन मी तिला परीक्षा द्यायचो. ती खाटेवर बसून विचारायची, कॅनॉल बंद आहे, कसं जाल? ओढ्याला पाणी आहे, मग कसं? मी सांगायचो. चुकलो की ती बोटानं हवेत वळण काढून दाखवायची. त्या महिन्यांत आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नानंतर कधी बोललो नसू. दवाखान्यापर्यंतचा रस्ता, बाकी काही नाही. पण बोललो.

पौषातल्या एका सकाळी तिला पुन्हा ॲटॅक आला. थंडी होती, शेजारच्या वस्त्यांवर उसाचं पाचट पेटवलेलं, धूर खाली बसलेला. पंप दिला, मशीन दिलं, या वेळी लाईटही होती. उतरेना. मी घाबरलो नाही. काय करायचं ते मला माहीत होतं. तिला पुढं बसवली. म्हातारा बांधावर उभा होता, मी काच खाली करून ओरडलो, "मिरज, दवाखाना." तो म्हणाला, "कॅनॉल खुला हाय, पन घाटात उसाची गाडी बसलीया. खालच्या वाडीनं काडा."

खालच्या वाडीनं काढली. ती वाट मला पाठ होती. कट्ट्यावरून डावीकडं, विहिरीला वळसा, बारक्या खांबांच्या मागं, मारुतीच्या देवळापाशी उतार. कुठंही थांबावं लागलं नाही. कुठंही शंका आली नाही. वळणं आधीच हातात येत होती. शेजारी ती होती, डोकं मागं टेकलेलं, हात मांडीवर. ती काही दाखवत नव्हती. देवळापाशी मी तिला म्हणालोसुद्धा, बघ, एकदाही चुकलो नाही. मला वाटलं आता दाखवायची गरज उरली नाही म्हणून ती दाखवत नाही. मला बरं वाटलं. खरं सांगतो, त्या तेवढ्या रस्त्यात मला बरं वाटत होतं.

हमरस्त्याला लागलो तेव्हा मी तिच्याकडं नीट पाहिलं.

डॉक्टर म्हणाले की अशा ॲटॅकमध्ये कधीकधी काहीच हातात राहत नाही. मी त्यांना विचारलं, आणखी लवकर पोचलो असतो तर? ते म्हणाले, याहून लवकर कोण येतं त्या माळावरून?

तिच्या दहाव्या दिवसाला म्हातारा आला. बरीच माणसं आली होती, सगळ्या कट्ट्यांवरची. तो सगळे गेल्यावर माझ्याशेजारी बसून राहिला. त्याच्याशी मला भांडायचं होतं. फार भांडायचं होतं. पाचट पेटवणाऱ्यांना मी शिव्या दिल्या, पण त्यांच्या बायका तर तिच्यासाठी अडुळसा धाडत होत्या. डॉक्टरला दिल्या. थंडीला दिल्या. मग मी मनात त्या सकाळचा सगळा रस्ता पुन्हा चालवला, घरापासून हमरस्त्यापर्यंत, एकेक वळण उलटसुलट करून. माल कितीही चांगला असो, मी त्यात काहीतरी खोट काढतोच. त्यावरच पोट भरलं माझं. म्हातारा शेजारी बसलेला होता, बाहेर पंखे फिरत होते, आणि मला त्या रस्त्यात कुठं काही सापडेना.